निळी रेघ, लाल रेघ आणि ह्यांचं फिरणं

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज काम सुरू झालं. गॅरेजची खोली करायची आहे. तिला लागून न्हाणीघर, आणि दारात पायऱ्यांऐवजी उतार. एप्रिलच्या मध्यात वन्सं कायमच्या राहायला येणार. वय अठ्ठ्याहत्तर, घर तिसऱ्या मजल्यावर, दोन्ही गुडघे संपावर, आणि आता घरमालकाने जागा सोडायला सांगितली आहे. "तुमचं नाही जमलं तर काळजी करू नका, मी वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलंय," असं त्या एकाच फोनमध्ये तीनदा म्हणाल्या. ह्यांना आई आठवत नाही, वन्संनीच लहानाचं मोठं केलं. तिन्ही वेळा ह्यांचा चेहरा उतरला.

माझं आणि वन्संचं छान जमतं असं मी स्वतःच्या डायरीतसुद्धा लिहिणार नाही. पण शब्द दिला आहे, आणि तो एका अटीवर.

एकतीस वर्षं मी बांधकाम कंपनीत खर्चावर नजर ठेवायचं काम केलं. पूल, गोदामं, एक अख्खं इस्पितळ माझ्या हाताखालून गेलं. सुरुवातीला सगळेच अंथरूण पाहून पाय पसरू म्हणतात आणि शेवटी अंथरूण विकायची पाळी येते. म्हणून काल जेवणाच्या खोलीत भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. निळी रेघ म्हणजे कुठल्या आठवड्यापर्यंत किती खर्च व्हायला हवा. ती शाईने काढली आहे आणि ती बदलत नसते. लाल रेघ म्हणजे खरोखर किती झाला. ती दर शनिवारी पुढे सरकेल. खाली ठळक लिहिलं: लाल रेघ निळीच्या वर गेली, त्या दिवशी काम थांबेल. कारण त्यापुढचे पैसे म्हातारपणातल्या दुखण्याखुपण्यासाठी आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही.

ह्यांनी चष्मा लावून वाचलं. "अगं, थांबेल म्हणजे? अर्धवट?"

"असेल तिथे."

"आणि अक्का?"

"अक्कांना खोली हवी असेल तर रेघ खाली ठेवा."

त्यांनी कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. मग म्हणाले, "चांगला काढलायस." माणूस गरीब आहे, ह्यात वाद नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिली लाल रेघ. निळीच्या जरा खाली. झोप छान लागणार.

तिसरी, हिरवी रेघ मी घरी काढणार नाही. प्रत्यक्षात काम किती झालं, ते पैशात मोजून दाखवते ती. ऑफिसात ती काढल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नसे. खर्च कमी दिसला म्हणजे बचत झाली असं नव्हे, कदाचित कामच झालेलं नसतं. आणि काम पुढे, खर्च मागे असं दिसलं तर त्याहून वाईट. मग बिलं कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये दडलेली असतात. "ड्रॉवर उघडा" हे माझं वाक्य तिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. पण एका खोलीसाठी एवढा खटाटोप कशाला? काम तर डोळ्यांसमोर चाललंय.

गॅरेज रिकामं झालं. अडचण एकच होती, ती म्हणजे ह्यांची गाडी. ह्यांची एका गाडीची ड्रायव्हिंग स्कूल होती. दोन वर्षांपूर्वी कमरेचा मणका सरकला. शेजारच्या सीटवर बसून लोकांसाठी ब्रेक दाबणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. शाळा बंद झाली, पण गाडी काही सुटली नाही. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि ब्रेक असलेली गाडी घेणार कोण? तरी मी म्हटलं, विका. म्हणाले, मित्राच्या आवारात उभी करतो आणि गिऱ्हाईक बघतो.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मलाही शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी भाजीच्या हातगाडीत शिरले. वांगी रस्ताभर पसरली. त्यानंतर आम्ही ठरवलं की संसार टिकवायचा तर गाडी एकानेच चालवावी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आधीच गुडघे, त्यात जिना, अशी गत झाली आहे. गॅरेजची फरशी फोडली तर खाली सांडपाण्याची जुनी नळी निघाली, तीही फुटलेली. जमीन भिजून लोण्यासारखी झाली आहे. सगळं उकरायचं, नळी बदलायची, भराव घालायचा, वर नवा थर. गवंड्याने आकडा सांगितला तेव्हा मी दोनदा विचारलं, आणि दुसऱ्या वेळी तो वाढला.

कागदावर पेन्सिलने करून बघितलं. लाल रेघ निळीच्या चांगली दोन बोटं वर जाते. गवंड्याला सांगितलं, शनिवारपर्यंत करा, मग थांबा. तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, खड्डा तसाच ठेवायचा?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

हे ताटावरून तसेच उठले. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले आणि गवंडी गेला त्याच दिशेला गेले. यायला बराच उशीर झाला, पण आले ते शीळ घालत. चालण्याने मन हलकं होतं म्हणतात ते खोटं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चमत्कार! गवंडी सकाळी आपण होऊन आला. "ताई, मजुरी निम्मी धरा."

"का?"

"असंच. सरांची ओळख निघाली."

कालपर्यंत तो ह्यांना काका म्हणत होता. आज एकदम सर! मी कारण विचारत बसले नाही. वाटाघाटींतला पहिला धडा हाच की समोरचा नमला की आपण गप्प बसावं. खरं सांगायचं तर काल मी "थांबा" म्हटलं तो आवाजच काम करून गेला असणार. निवृत्त झाले तरी दरारा शाबूत आहे.

शनिवार, १ मार्च

लाल रेघ पुन्हा निळीच्या खाली. भराव झाला, नळी बदलली, थर वाळतोय.

ह्यांना फिरायचं वेडच लागलंय. सकाळी जातात, संध्याकाळी जातात. मी सोबत येऊ का म्हटलं तर म्हणाले, तुझा वेग माझ्याहून जास्त आहे. इतके जपून चालतात की बुटांना धूळसुद्धा लागत नाही. झोपेत मात्र पाय आपटतात. काल तर "क्लच! क्लच दाबा आधी!" असं ओरडून उठले. शाळा बंद झाल्याचं मनाला किती लागलंय बघा. मी पाठीवरून हात फिरवला.

गुरुवार, ६ मार्च

प्लंबर न्हाणीघरात काम करतो. चांगला आहे, पण जरा विचित्र. लांब नळी खांद्यावर घेऊन वळायचा तर आधी भिंतीवरच्या आरशात बघतो आणि पुटपुटतो, "आरसा, इशारा, मग वळण." मी म्हटलं, हे काय? दचकून म्हणाला, "सवय लावून घेतोय, ताई." तोही आता मजुरी निम्मीच घेतो. ह्या गावात माझ्या नावाचा बोलबाला झालेला दिसतो.

ह्यांच्या खिशात पेट्रोलच्या पावत्या सापडल्या. विकायची गाडी एवढं पेट्रोल कशी पिते, विचारलं. म्हणाले, गिऱ्हाईकं चाचणीला नेतात. रोज दोन-तीन गिऱ्हाईकं, आणि घेत कुणी नाही. मी म्हटलं, किंमत कमी करा. ते म्हणाले, "बघतो." पावत्या मी खोलीच्या खर्चात धरल्या नाहीत. गाडीचा विषय वेगळा.

शनिवार, १५ मार्च

लाल रेघ निळीच्या बरीच खाली! एकतीस वर्षांत असं सुख बघितलं नाही. फरशीवाल्याने फरशी बसवायचे पैसेच नको म्हटलं, फक्त मालाचे द्या. "सासऱ्यांची हौस होती हो, फिटली," एवढंच म्हणाला आणि डोळे पुसले. मला अर्थबोध झाला नाही. सासऱ्यांना फरशीची कसली हौस?

आज गवंड्याची बायको त्याचा डबा घेऊन आली होती. ठसठशीत बाई, बोलायला मोकळी. आमच्या फाटकाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इथून मागे घेताना जपावं लागेल. उजवीकडे खांब आहे." मी म्हटलं, काय मागे घेताना? गवंड्याला ठसका लागला. तिने त्याला पाणी दिलं आणि दोघं लगबगीने आत गेली. नवऱ्याबरोबर राहून बायकांनाही बांधकामाची नजर येते.

ह्यांची कंबर धरते आहे. इतकं चालायची सवय नाही म्हणून. मी म्हटलं, थोडं वाढवा म्हणजे अंग सैल होईल. माझ्याकडे बघून हसले. उद्यापासून दुपारीही जाणार आहेत.

शनिवार, २२ मार्च

पेन्सिलचा फोन आला. पेन्सिल म्हणजे माझा जुना साहाय्यक, आता माझ्या जागेवर साहेब. कानावर कायम पेन्सिल असायची आणि शाईने आकडा लिहायला घाबरायचा, म्हणून हे नाव मीच पाडलं. त्याला आमच्या खोलीची हकीकत सांगितली. सांगितली म्हणजे, त्याने "कसं चाललंय" विचारल्यावर पाऊण तास सांगितली. म्हणाला, "बाई, नव्या भरतीला एक व्याख्यान द्या. घरचंच उदाहरण घ्या. आमचं तर प्रत्येक काम वर चाललंय."

आम्ही दोघं हसलो. मी हो म्हटलं. हे ऐकून ह्यांना आनंद होईल वाटलं होतं, पण पंख्याकडे बघत म्हणाले, "सगळ्यांसमोर सांगायलाच हवं का?" मी म्हटलं, चांगली गोष्ट झाकून का ठेवायची?

बुधवार, २६ मार्च

आज काय झालं ते सरळ लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

व्याख्यानाचा कागद करायचा म्हणून पेन्सिल संध्याकाळी घरी आला. भिंतीवरचा आलेख बघून म्हणाला, "झकास. पण हिरवी कुठंय?"

"घरच्या कामाला कशाला?"

"बाई, हिरवीशिवाय मी तुमच्यापुढे कागद ठेवला असता तर तुम्ही माझं काय केलं असतं?"

मी पट्टी घेतली. भराव पूर्ण, नळ्या पूर्ण, फरशी पूर्ण, भिंती पूर्ण, राहिलाय तो उतार, कठडा आणि रंग. एकेक काम मूळ अंदाजाच्या भावाने मांडलं आणि हिरवी रेघ काढत गेले. ती निळीच्याही वर गेली. लाल मात्र खालीच राहिली. दोघींच्या मध्ये माझी अख्खी वीत मावली.

पेन्सिल आधी कागदाजवळ सरकला. मग कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवू लागला. साहेब झाला तरी ती सवय गेलेली नाही. शेवटी हळूच म्हणाला, "बाई, काम पुढे, खर्च मागे."

"माझा दरारा आहे," मी म्हटलं.

"ड्रॉवर उघडा, बाई."

माझंच वाक्य माझ्याच जेवणाच्या खोलीत ऐकलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अर्धी मजुरी, फुकटची फरशी, एकदम सर झालेले काका! पैसे कुणीतरी भरतंय. हे भरत असतील तर कशातून? ह्यांची पेन्शन नाही, आणि बँकेचं पुस्तक माझ्याकडे. कर्ज काढलं असेल का? हे फिरून आले तेव्हा पेन्सिल गेला होता. मी काही विचारलं नाही. धीर झाला नाही.

गुरुवार, २७ मार्च

गवंड्याला कठड्याच्या निमित्ताने आत बोलावलं आणि दार लावलं. ऑफिसात ठेकेदारांना बसवायची तसं उजेडाकडे तोंड करून बसवलं. म्हटलं, "उरलेली मजुरी तुम्हाला कोण देतंय?"

"कुणी नाही, ताई. आईशप्पथ."

"मग तुम्ही उपाशी राहून काम करताय?"

तो घामाघूम झाला. टोपी काढली, घातली, परत काढली. "ताई, सरांनी शप्पथ घातलीय. तुम्हाला कळलं तर काम थांबेल म्हणाले. अक्कांना आश्रमात जावं लागेल."

"काम मी थांबवते का नाही ते नंतर बघू. आधी सांगा."

त्याने एक सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "माझी बायको काल गाडी घेऊन बाजारात जाऊन आली."

मला क्षणभर कळेना. मग सगळं एकदम कळलं. आरसा, इशारा, वळण. न मळणारे बूट. चाचणीची गिऱ्हाईकं. फरशीवाल्याचे सासरे! गवंडी आता थांबेना. बायकोला मुलांची ने-आण करायची छोटी बस चालवायची आहे. प्लंबरला नळ्या वाहायला गाडी हवी. सासऱ्यांना मरण्याआधी एकदा स्टिअरिंग धरायचं होतं. "ताई, बाहेरच्या शाळेची फी परवडत नाही. सर शिकवतात ते आम्ही मजुरीतून वळतं करतो. व्यवहार चोख आहे."

"त्यांच्या कमरेचं तुम्हाला माहीत आहे?"

"कमरेचं काय?" गवंडी म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

शुक्रवार, २८ मार्च

मोठ्या मैदानाच्या कोपऱ्यावर झाडाआड जाऊन उभी राहिले. गाडी आली. वर शाळेची जुनी पाटी लावलेली, रंगवून नवी केलेली. चालवत होता प्लंबर, गोगलगायीच्या वेगाने. शेजारी हे. एक हात कमरेवर घट्ट दाबलेला, दुसऱ्या हाताने रस्ता दाखवत होते, आणि काहीतरी सांगून हसत होते. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मग प्लंबरने काय केलं कोण जाणे, ह्यांनी जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली. हे पुढे वाकले आणि तसेच वाकून राहिले. प्लंबर घाबरून विचारत होता, आणि हे हातानेच "चल, चल" म्हणत होते.

मला इतका राग आला की रडू आलं. मी ह्या माणसाला म्हटलं होतं, थोडं वाढवा.

संध्याकाळी म्हटलं, "उद्यापासून फिरणं पुरे."

"छे, छे! डॉक्टर म्हणतात चालणं चांगलं. आणखी दोनच आठवडे."

"दोनच का?"

"मग उन्हं वाढतात ना."

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं की दोन आठवड्यांचं काम आणि माझा नियम समोरासमोर येणार. आधी डोकं शांत होऊ दे म्हटलं.

शनिवार, २९ मार्च

आज लाल रेघ काढली नाही. पेन सापडलं नाही.

(हे मी त्याच पेनने लिहिते आहे.)

रविवार, ३० मार्च

सकाळी हे बूट घालायला वाकले ते वर आलेच नाहीत. डॉक्टर घरी आले, तपासलं आणि मला विचारलं, "हे हल्ली गाडीत बसत होते का?" मी म्हटलं, फिरायला जातात. ह्यांनी उशीत तोंड खुपसलं. तीन आठवडे पलंग सोडायचा नाही.

डॉक्टर गेल्यावर मी खुर्ची ओढून बसले. "किती तास झाले?"

"कसले?"

"शिकवणीचे."

ह्यांनी उशी आणखी घट्ट धरली. मग उशीतूनच आवाज आला, "कुणी सांगितलं?"

"हिरव्या रेघेने. ड्रॉवर उघडला मी."

"सासऱ्यांचे धरायचे का? ते एकदाच खांबाला धडकले आणि म्हणाले, झालं समाधान."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. "कंबर मोडून घ्यायची होती तर मला विचारायचं तरी!"

"तू नाही म्हटलं असतंस."

"अर्थात नाही म्हटलं असतं!"

"आणि अक्कानं मला पाठुंगळीला मारून डॉक्टरकडे नेलेलं आहे, मैलभर. तेव्हा तिनं रेघ नव्हती काढली." हे त्यांनी चिडून नाही म्हटलं. असंच म्हटलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आता थांबवणार काम?"

"रेघ कुठं काढलीय मी अजून?" मी म्हटलं. "पेन सापडत नाहीये."

बुधवार, २ एप्रिल

बँकेत जाऊन दुखण्याखुपण्याची ठेव मोडली. कारकुनाने कारण विचारलं. दुखणं, असं लिहून दिलं. ह्यात खोटं काही नाही, पलंगावर पडलंय.

गवंडी, प्लंबर, फरशीवाला, तिघांना बोलावून म्हटलं, आजपासून पूर्ण मजुरी. गवंडी म्हणाला, "मागची शिकवणीत वळती झाली, ताई, ती घेणार नाही. आणि सरांना हे कळू देऊ नका, ते चिडतील." घर माझं, पैसे माझे, आणि चोरून मीच खर्च करते आहे!

गवंड्याची बायको परीक्षा पास झाली. पेढे न आणता लायसनच घेऊन आली आणि ह्यांच्या पलंगाशी जाऊन पाया पडली. ह्यांनी लायसन उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "मागे घेताना?"

"खांबाला लागली नाही, सर."

शनिवार, १२ एप्रिल

काल काम संपलं. आज वन्संना आणायचं होतं. हे पडून, मला येत नाही, आणि वन्सं भाड्याच्या गाडीत बसत नाहीत, कारण ड्रायव्हर अनोळखी. गवंड्याची बायको म्हणाली, मी आणते. ह्यांनी पलंगावरून हुकूम सोडला, "हिला शेजारी बसव. तिथला ब्रेक रिकामा नको."

म्हणजे मी शिकवणाऱ्याच्या सीटवर! पाय ठेवायला जावं तर ब्रेक. समोरून सायकल आली, मी ब्रेक दाबला. कुत्रं आडवं गेलं, ब्रेक. दूर एक हातगाडी दिसली, भाजीची, आणि मी दोन्ही पायांनी दाबला. गवंड्याची बायको शांतपणे म्हणाली, "ताई, आपण अजून तुमच्याच गल्लीत आहोत."

वन्संना दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं. मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर पितळेचा डबा. वाटेत माझे आचके खाऊन म्हणाल्या, "ही पोरगी छान चालवतेय. मग सारखं थांबवतंय कोण?"

"मी," मी म्हटलं.

"वाटलंच," वन्सं म्हणाल्या.

फाटकातून गाडी मागे घेतली. खांबापासून चार बोटं.

रविवार, १३ एप्रिल

वन्संनी खोली बघितली. कठड्याला धरून स्वतः न्हाणीघरात जाऊन आल्या, उतारावरून खाली-वर केलं. न्हाणीघरातला आरसा उंच लावलाय म्हणाल्या. लावलाय खरा, प्लंबरच्या उंचीला. मग जाऊन भावाच्या पलंगाशी बसल्या आणि त्याच्या कमरेला तेल लावत त्याला अर्धा तास झापलं. हे मजेत ऐकत होते.

दुपारी पेन सापडलं. ह्यांच्याकडून तास घेतले, शाळेची जुनी फी लावली. हे आतून ओरडले, "जुनी कशाला, आता भाव वाढलेत!" मग आजचा भाव लावला. पेट्रोलच्या पावत्या धरल्या. डॉक्टर, औषधं, कमरेचा पट्टा, सगळं धरलं. आणि पट्टी ठेवून लाल रेघ काढली, खरी, शाईने. ती निळीला ओलांडून सरळ वर गेली, कागद संपला म्हणून थांबली. वरती दुसरा कागद जोडावा लागला.

वन्सं काठी टेकत जेवणाच्या खोलीत आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. "ही लाल कसली गं? चढलीय नुसती."

"ही तुमच्या भावाची कंबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, खालपासून दुसऱ्या कागदापर्यंत. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. चहा मी केला, साखर त्यांनी घातली, माझ्या कपात जास्त.

पेन्सिलला कळवलं की व्याख्यान देईन, दोन्ही कागद घेऊन येईन. गवंड्याची बायको उद्यापासून संध्याकाळी मला गाडी शिकवणार आहे. हे म्हणतात, हातगाडीवाल्याला आधी कळवून ठेव.

लाल रेघ निळीच्या वर गेली आहे. तेव्हा कागदाखालच्या नियमाप्रमाणे आज मी काम थांबवलं. गवंड्याला फोन करून तसं रीतसर सांगितलंही.

तो म्हणाला, "बरं, ताई. मी परवाच सामान उचलून नेलंय."